पावतीशिवाय डबा चढत नाही

बोईसरच्या तारापूर एमआयडीसीत निर्यातीचा रिकामा कंटेनर कारखान्यात लागला की आधी माल चढत नाही, माणसं चढतात. डिस्पॅचचा सुपरवायझर आणि एक लोडर आत शिरतात आणि बाहेरचा माणूस दोन्ही दारं ओढून घेतो. मिट्ट काळोखात आतले दोघे छत, कोपरे, पत्र्याच्या पन्हळी न्याहाळतात. "उजेड येतोय का कुठनं?" कुठे टाचणीएवढा ठिपका जरी दिसला तरी डबा परत. तिथून खारं पाणी आत येणार आणि पोचेपर्यंत ड्रमना गंज धरणार. मग लाकडी तळाचा वास घेतात. मागच्या फेरीला काय भरलं होतं, ते फळ्या सांगतात. घामाने निथळत दोघे बाहेर आले की सुपरवायझर मान हलवतो आणि फोर्कलिफ्ट सुरू होते.

वीस फुटी डब्यात दोन थर लावून दोनशे लिटरचे ऐंशी ड्रम बसतात. एका पॅलेटवर चार, पट्ट्याने आवळलेले. पॅलेट आत सरकवताना फोर्कलिफ्टवाला मागे उभ्या असलेल्या पोराच्या बोटाकडे बघून चालवतो. त्याला स्वतःला समोर फक्त ड्रम दिसतात. फट राहिली तर तिच्यात हवेची पिशवी घालून फुगवतात, शेवटी दाराशी बेल्ट ताणतात. जहाज महासागरात डोलायला लागलं की सोळा टन माल एका अंगाला गेला, तर दार फुटून बाहेर येईल.

प्रत्येक ड्रमवर टोकावर उभा केलेला चौकोन चिकटवलेला असतो. पेट घेणाऱ्या द्रवाचा लाल, त्यात ज्वाला. खाली यूएनचा चार आकडी नंबर. तसलेच मोठे चौकोन डब्याच्या चारही बाजूंना. हा नियम लंडनमधल्या आंतरराष्ट्रीय सागरी संघटनेचा, म्हणजे आयएमओचा. बोईसरमध्ये हे नाव कुणाच्या तोंडी नाही, पण लाल चौकोन बघितला की विडी ओढणारा आपणहून फाटकाबाहेर जातो.

दार लागलं, सील पडलं, की गाडी वजनकाट्यावर. दारावरच आकडे रंगवलेले असतात: कमाल वजन 30,480 किलो, रिकाम्या डब्याचं सव्वादोन हजारांच्या आसपास. काट्यावरून निघालेल्या आकड्यातून ट्रेलरचं वजन वजा करायचं आणि उरलेलं सही करून शिपिंग लाइनला कळवायचं. हाही आयएमओचाच नियम, 1 जुलै 2016 पासूनचा. त्याआधी निर्यातदार सांगेल ते वजन. 2007 साली इंग्लंडच्या किनाऱ्याजवळ एमएससी नेपोली हे जहाज फुटलं. त्याच्या डेकवरचे डबे नंतर मोजले, तर पाचातल्या एकाचं वजन तीन टनांपेक्षा जास्त चुकलेलं निघालं. आता ही वजनाची पावती नसेल तर न्हावा शेवा बंदरात क्रेन डब्याला हात लावत नाही. जगातल्या एवढ्या देशांनी एकमताने केलेला नियम बोईसरच्या काट्यावर इतका सहज पाळला जातो, त्याचं कारण मला तरी हेच दिसतं. दटावणी फारशी नाही, शिकवण अजिबात नाही. पावती नाही तर डबा चढत नाही.

याच्या शेजारी जहाजांच्या धुराचा नियम ठेवून बघावा. जगाच्या उत्सर्जनात जहाजांचा वाटा 2018 साली 2.89 टक्के होता. 2023 मध्ये आयएमओत सगळ्या देशांनी ठरवलं, की 2050 च्या सुमारास तो निव्वळ शून्यावर आणायचा. त्यासाठी दंडाची तरतूद असलेला मसुदा एप्रिल 2025 मध्ये मताला आला: 5,000 ग्रॉस टनांवरच्या जहाजांनी मर्यादा ओलांडली तर वरच्या उत्सर्जनाला टनामागे 100 किंवा 380 डॉलर. 63 विरुद्ध 16 मतांनी तो मंजूर झाला. भारताने बाजूने मत दिलं. ऑक्टोबरमध्ये त्यावर शिक्का बसायचा होता. अमेरिकेने जाहीर विरोध केला, सौदी अरेबियाने पुढे ढकलण्याची सूचना आणली आणि 57 विरुद्ध 49 मतांनी निर्णय वर्षभर लांबला.

युरोप मात्र थांबलेला नाही. 2024 पासून युरोपच्या बंदरात येणाऱ्या-जाणाऱ्या मोठ्या जहाजांना कार्बनचे परवाने घ्यावे लागतात. बाहेरच्या देशातून आलेल्या फेरीच्या निम्म्या उत्सर्जनाचे. पहिल्या वर्षी त्यातल्या 40 टक्क्यांचे, मग 70, आणि 2026 च्या उत्सर्जनापासून पूर्ण. जहाज कंपन्या हा खर्च कशाला सोसतील? भाड्याच्या बिलात उत्सर्जन अधिभार म्हणून एक ओळ वाढली. लंडनचा करार अडला, तरी धुराचं बिल रॉटरडॅममार्गे बोईसरला पोचलं.

त्यातली गोम अशी, की 2023 च्या अखेरीपासून लाल समुद्रात हल्ले सुरू झाले आणि जहाजं आफ्रिकेला वळसा घालून जाऊ लागली. दहा ते चौदा दिवस जास्त, तेवढं इंधन जास्त. तोच ड्रम, तोच माल, पण धूर वाढला. त्यात कारखान्याचा काडीचाही दोष नाही, बिल मात्र येतं.

या हिशेबात काय धरलेलं नाही, तेही इथेच दिसतं. चिल्हार फाट्यावरून महामार्गाला लागून घोडबंदरच्या कोंडीत तासन्‌तास इंजिन चालू ठेवून उभ्या राहणाऱ्या ट्रेलरचं डिझेल जहाजाच्या खात्यात नाही. वाढवणचं बंदर झालं, तर न्हावा शेवापर्यंतची ही सव्वाशे-दीडशे किलोमीटरची रखडपट्टी वीस-पंचवीसवर येईल. 30 ऑगस्ट 2024 ला त्याचं भूमिपूजन झालं. खर्च सुमारे 76 हजार कोटी. ट्रेलरचा धूर कमी होईल, हे मी नाकारत नाही. पण त्यासाठी 1,448 हेक्टर समुद्रात भराव पडायचा आहे, आणि तिथल्या मच्छीमारांचा विरोध आजचा नाही, 1998 पासूनचा आहे. टनात मोजलेल्या कार्बनच्या तक्त्यात गेलेल्या मासेमारीसाठी रकाना नाही. तो कुणी तरी आखायला हवा होता, लंडनला नाही तर निदान मुंबईला.

डिस्पॅचच्या साहेबांना मी अधिभाराबद्दल विचारलं. त्यांनी बिल पुढे सरकवलं. "एफओबी, म्हणजे जहाजभाडं घेणाऱ्याचं, असेल तर तिकडच्या गिऱ्हाइकाच्या डोक्यावर; सीआयएफ, म्हणजे भाडं आमचं, असेल तर आमच्या बोकांडी." पावती आधी, जहाज नंतर ही वजनाची रीत इथे उलटी आहे: जहाज सुटतं, बिल मागून येतं. त्यामुळे आता युरोपच्या गिऱ्हाइकाला भाव देताना ते शक्यतो एफओबीच लिहितात. गिऱ्हाईक सीआयएफवरच अडून बसलं, तर अधिभार वेगळा लागेल, अशी एक ओळ कोटेशनखाली टाकतात. परवा एकाने ती ओळ खोडून परत पाठवली. फोनवर घासाघीस चालू होती.