संकटसमयी 112: प्रथम ठिकाण सांगा

पोलीस, अग्निशमन व वैद्यकीय मदतीसाठी देशभर 112 हा एकच क्रमांक आहे. रुग्णवाहिकेसाठी 108 क्रमांकही उपलब्ध आहे. आपण 112 लावताच दूरसंचार कंपनी तो कॉल राज्याच्या नियंत्रण कक्षाकडे वळवते व आपल्या ठिकाणाचा अंदाज कळवते. हा अंदाज केवळ मोबाइल मनोऱ्यावरून बांधलेला असल्यास तो शेकडो मीटरनी चुकू शकतो. रुग्णासाठी तेवढा विलंबही घातक ठरतो. म्हणून पत्ता स्वतः सांगणे आवश्यक आहे.

• नुसते ‘तेलीबांधा’ म्हणणे पुरेसे नाही. तलावाची कोणती बाजू, कोणती गल्ली, जवळची ठळक खूण कोणती, हे सांगावे.
• व्हॉट्सॲपवरून 112 लागत नाही. फोनच्या नेहमीच्या कळफलकावरूनच क्रमांक लावावा.
• फोनला लॉक असले तरी पडद्यावरील ‘आपत्कालीन कॉल’ या पर्यायातून 112 लावता येतो.
• रुग्ण शुद्धीवर आहे का, त्याचा श्वास चालू आहे का, हे सांगावे.
• पलीकडून सांगितल्याखेरीज फोन ठेवू नये.

घराचा पूर्ण पत्ता व जवळची खूण दाराजवळ ठळक अक्षरांत लिहून ठेवावी. घाबरलेल्या क्षणी मुले, वृद्ध व पाहुणेही ती वाचून सांगू शकतील.