मलंगगडातून लाव्हा आला नाही

पावसाळा लागला की डोंबिवली-कल्याणहून निघणाऱ्या प्रत्येक ट्रेकमध्ये एक जाणकार असतोच. नेवाळीच्या पुढे मलंगगडाचा सुळका दिसला की तो बोट करून सांगतो, "हे ज्वालामुखीचं तोंड. इथूनच लाव्हा बाहेर आला." कुणी सह्याद्रीतल्या जांभळ्या खेकड्याचा फोटो पुढे केला की पुरवणीही तयार असते: लाव्हातल्या खनिजांमुळे असे रंग येतात. दोन वाक्यं आणि दोन्ही चूक. तरी दर रविवारी नव्या बॅचला तीच ऐकवली जातात.

दख्खनचा लाव्हा एखाद्या शंकूच्या माथ्यातून उसळला नव्हता. सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी जमिनीला लांबच लांब भेगा पडल्या, त्यांतून पातळ लाव्हा पसरला, थिजला, त्यावर पुढचा आला. बहुतेक लाव्हा दहा लाख वर्षांच्या आसपासच्या काळात ओतला गेला. आजही तो सुमारे पाच लाख चौरस किलोमीटरवर आहे. भेगांत गोठलेल्या खडकाच्या उभ्या भिंती, म्हणजे डाइक, कोकणात ठिकठिकाणी दिसतात. मलंगगड, चंदेरी, माथेरान हे डोंगर तेव्हा नव्हतेच. होतं ते थरांचं पठार. पुढे पश्चिम किनारा तुटला, पावसानं आणि नद्यांनी ते पठार कोरलं, सह्याद्रीचा कडा पूर्वेकडे सरकत गेला आणि काही तुकडे मागे उरले. माथेरानचा सपाट माथा पाहिला तरी हे पटावं. डोंगर लाव्हाचा आहे, पण त्याला आकार दिला तो झिजेनं.

गोड्या पाण्यातल्या जिवांची गोष्टही या झिजेतच आहे. लाव्हाचे थर भाकऱ्यांच्या चळतीसारखे रचलेले असले तरी सगळे सारखे नाहीत. कुठे टणक बसॉल्ट, कुठे भोकाभोकांचा खडक, तर दोन थरांमध्ये मधूनच लाल मातीचा पट्टा. वरून मुरलेलं पाणी अशा सांध्यावर अडतं, आडवं सरकतं आणि कड्यावर झरा होऊन फुटतं. टणक थर उभे तुटतात, तिथे धबधबा होतो. असा कडा बहुतेक माशांना चढता येत नाही. घाटमाथ्यावर तर लोणावळ्याच्या एका बाजूचं पाणी उल्हासमधून कल्याणच्या खाडीला जातं, दुसऱ्या बाजूचं इंद्रायणी-भीमेतून थेट बंगालच्या उपसागराला.

आता खेकडा घ्या. ठाण्याच्या खाडीतल्या चिंबोरीची पिल्लं अळीच्या रूपात पाण्याबरोबर दूरवर वाहत जातात. गोड्या पाण्यातल्या खेकड्यात ही अळीची पायरीच नाही. मादी अंडी पोटाखालच्या झडपेत बाळगते आणि त्यातून निघतो तो आठ पायांचा, दोन नांग्यांचा पुरता खेकडा. तो आईच्या डबक्यापासून फार लांब जात नाही. माथ्यावरच्या अशा खेकड्याला खालची दरी म्हणजे वर्षातले सात-आठ महिने कोरडी, तापलेली जमीन. पिढ्यान्‌पिढ्या तो तिथेच अडकतो आणि हळूहळू शेजारच्या डोंगरावरच्या भाऊबंदांपासून वेगळा होतो. यावर शंका असेल तर 'झूटॅक्सा' नियतकालिक पाहा: २०१६ मध्ये पाती, ठाकरे आणि खैरे यांनी एकाच शोधनिबंधात पश्चिम घाटातल्या खेकड्यांच्या पाच नव्या जाती नोंदवल्या. सगळेच खेकडे असे अडकलेले नाहीत. आपल्या बाजारात येणारा मोठा खेकडा पावसात जमिनीवरून चालतो, म्हणून तो बराच पसरलेला आहे. तोही याच बसॉल्टवर राहतो आणि काळपट-तपकिरीच असतो. रंग खनिजांमुळे येत असता तर तो जांभळा का झाला नाही, हे त्या जाणकाराला विचारा.

"लाव्हानं सगळं जीवन भाजून काढलं" हेही खोटं. दोन उद्रेकांच्या मधल्या काळात तळी साचली, त्यांत बेडूक नांदले. मुंबईत वरळीच्या टेकडीतल्या गाळाच्या थरात त्यांचे जीवाश्म सापडले आणि शास्त्रज्ञ रिचर्ड ओवेन यांनी १८४७ मध्येच त्यांचं वर्णन केलं.

ओल्या कड्यावर शंखाची गोगलगाय दिसली म्हणून "समुद्र इथवर होता" असं ठरवू नका. ती बहुधा क्रेम्नोकॉन्कस, सेंटिमीटरभराची. तिचे नातेवाईक समुद्रकिनाऱ्याच्या खडकांवर राहतात हे खरं, पण त्या कुळात गोड्या पाण्यात शिरलेली ही एकच प्रजाती-शाखा, आणि ती सह्याद्रीच्या धबधब्यांच्या तुषारांत जगते. समुद्र वर आला नाही, तिचे पूर्वज आले.

वज्रेश्वरीच्या गरम पाण्याच्या कुंडांखाली ज्वालामुखी धुमसत नाही. भेगांतून खोल गेलेलं पाणी तिथल्या उष्णतेनं तापून परत येतं. लोणारचं सरोवर उल्केच्या आघाताचं आहे, ज्वालामुखीचं नव्हे. आणि पहिल्या पावसात भातखाचरात मासे आभाळातून पडत नाहीत. ते ओढ्यानं वर चढून येतात. या चढणीलाच वलगण म्हणतात, मुरबाड-शहापूरकडे कुणालाही विचारा.

एक गैरसमज मात्र नुसता ऐकून सोडण्यासारखा नाही: डासांसाठी गडावरच्या टाक्यात गप्पी सोडणं हे पुण्यकर्म. गप्पी दक्षिण अमेरिकेकडचा मासा आहे. ज्या पाण्यात बाहेरचं कुणी पोहोचलंच नाही, तिथल्या जिवांना असा पाहुणा झेपत नाही. घरच्या टाकीतले मासे नकोसे झाले तर दुकानदाराला परत द्या. गडावर किंवा झऱ्यात सोडू नका.