घरगुती बंब : निवड, वापर आणि इंधनाची बचत

घाटावरील खेड्यांत, कोकणातील परसदारी आणि शहरांतील काही जुन्या वाड्यांतही थंडीच्या दिवसांत पहाटे सर्वप्रथम पेटतो तो पाणी तापविण्याचा बंब. १ मे २०१६ रोजी सुरू झालेल्या प्रधानमंत्री उज्ज्वला योजनेमुळे ग्रामीण भागात स्वयंपाकाचा गॅस मोठ्या प्रमाणावर पोहोचला. तथापि, सिलिंडरमधील गॅस स्वयंपाकासाठी राखून ठेवावा आणि आंघोळीचे पाणी सरपणावर तापवावे, असा हिशेब अनेक कुटुंबे करतात. हा हिशेब अव्यवहारी म्हणता येणार नाही. मात्र सरपण फुकट मिळते, ही समजूत बरोबर नाही. ते गोळा करण्यात आणि डोक्यावरून वाहून आणण्यात घरातील स्त्रियांचे श्रम खर्ची पडतात आणि त्याचा धूरही मुख्यतः त्यांच्याच वाट्याला येतो. घरातील इंधनाच्या धुरामुळे २०२० या एका वर्षात जगभर सुमारे ३२ लाख मृत्यू ओढवले, असा जागतिक आरोग्य संघटनेचा अंदाज आहे. म्हणूनच बंब कसा निवडावा आणि कसा चालवावा, याची माहिती प्रत्येक कुटुंबास असणे हिताचे आहे.

बंबाची रचना

बंब म्हणजे मधोमध उभी नळी असलेले नळकांड्याच्या आकाराचे भांडे होय. नळीत विस्तव असतो आणि तिच्या सभोवती पाणी असते. नळीच्या तळाशी लोखंडी जाळी, जाळीखाली राख पडण्यास व हवा आत येण्यास मोकळी जागा, वर धुराडे, पाणी ओतण्यासाठी नरसाळे आणि पाणी घेण्यासाठी तोटी, असे त्याचे भाग असतात. काही बंबांत तोटी वरच्या बाजूस असते व नरसाळ्याची नळी तळापर्यंत जाते. अशा बंबात जितके थंड पाणी ओतावे तितकेच गरम पाणी बाहेर येते. त्यामुळे तो सहसा रिकामा होत नाही. तोटी तळाशी असलेल्या बंबात मात्र पाण्याच्या पातळीकडे लक्ष ठेवावे लागते.

उष्णतेचा हिशेब

तीन दगडांच्या उघड्या चुलीवर हंडा ठेवला असता लाकडातील उष्णतेचा सुमारे दहावा भागच पाण्यास मिळतो. उरलेली उष्णता वाऱ्यावर जाते. बंबात विस्तव पाण्याने वेढलेला असल्यामुळे हे प्रमाण बरेच वाढते. पाच माणसांच्या कुटुंबास दर माणशी १५ लिटरप्रमाणे ७५ लिटर पाणी लागते, असे मानू. २० अंश सेल्सियस तापमानाचे हे पाणी ४० अंशांपर्यंत नेण्यास १,५०० किलोकॅलरी उष्णता हवी. एक किलो वाळलेल्या लाकडातून सुमारे ३,६०० किलोकॅलरी उष्णता मिळते. उघड्या चुलीवर या कामासाठी चार किलोंहून अधिक लाकूड जळेल. बंबात निम्मी उष्णता जरी पाण्यात उतरली तरी एका किलोच्या आत काम भागेल. दररोज वाचणारे हे तीन किलो लाकूड महिन्याकाठी ९० किलो होते. एवढ्या ओझ्याच्या खेपा त्यामुळे वाचतात.

निवड कशी करावी

बंब कुटुंबाच्या गरजेपेक्षा मोठा घेऊ नये. ६० अंशांपर्यंत तापविलेल्या पाण्यात तितकेच थंड पाणी मिसळावयाचे असल्याने वरील कुटुंबास सुमारे ४० लिटरचा बंब पुरतो. मोठ्या बंबात नको असलेले पाणीही तापविले जाते.

धातूच्या बाबतीत एक गैरसमज दूर होणे आवश्यक आहे. तांबे उष्णतेचे उत्तम वाहक आहे, हे खरे; परंतु बंबाचा पत्रा पातळ असल्याने धातूपेक्षा त्यावर साचलेल्या काजळीचा अडथळा अधिक मोठा असतो. स्वच्छ ठेवलेला लोखंडी बंब काजळी धरलेल्या तांब्याच्या बंबापेक्षा कमी लाकडात पाणी तापवू शकेल. तांब्याचे खरे महत्त्व टिकाऊपणात आहे. ते लोखंडासारखे गंजत नाही, त्याची दुरुस्ती करता येते आणि मोडीतही त्याला चांगली किंमत येते. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत तांब्यावर ठोके देऊन केले जाणारे मठारकाम प्रसिद्ध आहे. या ठोक्यांनी पत्रा केवळ शोभिवंत होत नाही, तर अधिक कठीणही होतो. खरेदीच्या वेळी बंब पाण्याने भरून सांधे तपासावेत, जाळी बदलता येते किंवा नाही हे पाहावे आणि नळी साफ करण्यास हात अथवा ब्रश आत जातो, याची खात्री करून घ्यावी.

सरपण वाळलेलेच हवे

नुकत्याच तोडलेल्या लाकडाच्या वजनात निम्म्यापर्यंत पाणी असू शकते. हे पाणी वाफ होऊन गेल्याशिवाय लाकूड नीट पेटत नाही. एक किलो पाण्याची वाफ होण्यास सुमारे ६२० किलोकॅलरी उष्णता खर्च होते. तेवढ्या उष्णतेत दोन माणसांच्या आंघोळीचे पाणी तापले असते. शिवाय ओल्या लाकडाचा विस्तव मंद राहतो आणि धूर वाढतो. धूर हे बहुतांशी न जळता वाया जाणारे इंधनच होय. म्हणून पावसाळ्यापूर्वी लाकडे मनगटाएवढ्या जाडीपर्यंत फोडून, जमिनीपासून उंचावर व छपराखाली रचून ठेवावीत. कोकणात नारळाच्या करवंट्या, तर विदर्भ-मराठवाड्यात पऱ्हाट्या व तुराट्या बंबास उपयोगी पडतात. प्लॅस्टिक, रबर किंवा रंग दिलेले लाकूड मात्र कधीही जाळू नये. त्यांचा धूर विषारी असतो.

पेटविण्याची रीत

प्रथम पाणी भरावे आणि मगच जाळ करावा, हा नियम कधीही मोडू नये. कोरडा बंब तापल्यास सांध्यांचे डाख सुटतात. आदल्या दिवशीची राख काढून जाळी मोकळी करावी. बारीक काटक्यांनी विस्तव धरल्यानंतर लाकूड थोडे थोडे घालावे. नळी गच्च भरल्यास खालून येणारी हवा कोंडते व धूर माजतो. पाणी उकळण्याची वाट पाहू नये. पाणी जितके अधिक तापेल तितकी उष्णता बाहेर निसटते. घरातील मंडळींनी पाठोपाठ आंघोळी उरकल्यास पुन्हा जाळ करावा लागत नाही. शेवटी उरलेल्या निखाऱ्यांवर भांडी व कपडे धुण्यापुरते पाणी सहज कोमट होते.

सुरक्षिततेचे नियम

बंब अंगणात, पडवीत किंवा परसदारी, गवताच्या गंजीपासून दूर ठेवावा. बंद न्हाणीघरात तो पेटविणे प्राणघातक ठरू शकते. निखाऱ्यांतून निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड वायूला रंग वा वास नसतो. धूर दिसत नाही म्हणून धोका नाही, असे समजू नये. नरसाळ्याचे तोंड बूच मारून कधीही बंद करू नये. पाण्याची वाफ झाली म्हणजे तिचे आकारमान सुमारे १,६०० पटींनी वाढते. या वाफेस वाट न मिळाल्यास बंब फुटण्याचा संभव असतो.

बादलीत आधी थंड पाणी घ्यावे आणि नंतर गरम पाणी सोडावे. लहान मुलांना बंबाजवळ एकटे ठेवू नये. ६० अंशांच्या पाण्याने काही सेकंदांतच त्वचा भाजते. कोणी भाजल्यास त्या भागावर २० मिनिटे साधे वाहते पाणी सोडावे. त्यावर शाई, हळद अथवा टूथपेस्ट लावू नये व त्वरित दवाखाना गाठावा.

देखभाल

आठवड्यातून एकदा नळी व धुराड्यातील काजळी खरवडून काढावी. विहिरीचे अथवा कूपनलिकेचे पाणी जड असल्यास आतून क्षारांचा थर बसतो. तो वर्षातून एकदा कारागिराकडून काढून घ्यावा. बंबातील पाणी पिण्यास वा स्वयंपाकास वापरू नये.

ज्यांना शक्य आहे त्यांनी सौर जलतापकाचा अवलंब करावा. वर्षातील बहुतेक दिवस त्यास सरपण लागत नाही. परंतु ज्या घरी उद्या पहाटेही बंबच पेटणार आहे, त्या घराला नवे काही विकत घेतल्याशिवाय आजच बचत सुरू करता येईल. वाळलेले लाकूड, मोकळी जाळी आणि स्वच्छ नळी एवढेच त्यासाठी पुरेसे आहे.