नेटवर्क फ्लो नोंदींचे विभाजन : फाइल कुठे तोडायची आणि का?

पूर्वज्ञान : आयपी पत्ता, पोर्ट, टीसीपी जोडणी आणि लिनक्सच्या टर्मिनलवर आज्ञा देण्याची सवय एवढे पुरेसे आहे.

उद्दिष्ट : फ्लो नोंदींची मोठी फाइल लहान फाइलींत विभागण्याच्या चार पद्धती समजून घेणे, आणि विभाजनानंतर कोणती उत्तरे विश्वसनीय राहतात व कोणती बिघडतात हे ओळखता येणे.

१. फ्लो म्हणजे काय?

राउटरमधून जाणारे प्रत्येक पॅकेट साठवून ठेवणे सहसा परवडत नाही. म्हणून पॅकेटांचा सारांश ठेवला जातो. स्रोत पत्ता, गंतव्य पत्ता, स्रोत पोर्ट, गंतव्य पोर्ट आणि प्रोटोकॉल या पाच गोष्टी समान असलेली, थोड्या काळात एकाच दिशेने गेलेली पॅकेटे मिळून एक फ्लो होतो. त्या फ्लोची एक नोंद तयार होते. वरील पाच गोष्टींखेरीज सुरुवातीची व शेवटची वेळ, पॅकेटांची संख्या आणि बाइटांची संख्या तिच्यात असते. मजकूर मात्र नसतो. टेलिफोनच्या बिलात कोणी कोणाला किती वेळ फोन केला हे कळते, काय बोलणे झाले ते कळत नाही; तसेच हे.

सिस्को कंपनीने १९९६ च्या सुमारास नेटफ्लो या नावाने ही पद्धत आणली. पुढे आयपीफिक्स हे खुले मानक आले. त्याची सध्याची आवृत्ती २०१३ सालच्या आरएफसी ७०११ मध्ये आहे.

पुढच्या विवेचनासाठी दोन बाबी लक्षात ठेवा. पहिली, नेटफ्लोची नोंद एकदिशात्मक असते. एका टीसीपी जोडणीच्या सहसा दोन नोंदी होतात, एक जाण्याची व एक येण्याची. दुसरी, फ्लो फार वेळ चालला तर राउटर त्याची नोंद मध्येच बंद करून नवी सुरू करतो. सिस्कोच्या राउटरांवर ही मर्यादा मूळ सेटिंगनुसार ३० मिनिटे असे. दोन तास चाललेले एक डाउनलोड त्यामुळे अनेक नोंदींत विभागलेले आढळते. म्हणजे फाइल तुमच्या हातात येण्यापूर्वीच एक विभाजन होऊन गेलेले असते.

२. साधे स्प्लिट का चालत नाही?

लिनक्समध्ये स्प्लिट नावाची आज्ञा आहे. मजकुराच्या फाइली तिने ओळींनुसार छान तुटतात. फ्लो नोंदींच्या फाइली मात्र बायनरी स्वरूपात असतात आणि बहुधा संकुचित केलेल्या असतात. फाइलच्या आरंभी शीर्षभाग असतो. नोंदी कोणत्या रचनेत आहेत आणि कोणत्या पद्धतीने संकुचित केल्या आहेत हे तो सांगतो. अशी फाइल दर १०० एमबीला कापली तर शीर्षभाग फक्त पहिल्या तुकड्यात राहील. उरलेले तुकडे कोणतेही साधन वाचू शकणार नाही. शिवाय काप एखाद्या नोंदीच्या मधोमध बसेल.

म्हणून नोंद ओळखणारे साधन लागते. कार्नेगी मेलन विद्यापीठाच्या सॉफ्टवेअर इंजिनीअरिंग इन्स्टिट्यूटमधील सर्ट विभागाने सिल्क नावाचा साधनसंच तयार केला आहे. तो मोफत व मुक्त आहे. त्यातील आरडब्ल्यूस्प्लिट हे साधन आपण या पाठात वापरू. (आज्ञा येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टर्मिनलवर त्या रोमन लिपीतील लहान अक्षरांत आणि रोमन अंकांत टाइप कराव्यात.)

३. आरडब्ल्यूस्प्लिटची मूळ रचना

आरडब्ल्यूस्प्लिट --बेसनेम=भाग --फ्लो-लिमिट=५००००० सोमवार.आरडब्ल्यूएफ

या आज्ञेने सोमवारच्या फाइलमधील नोंदी पाच-पाच लाखांच्या गटांत वेगवेगळ्या फाइलींत लिहिल्या जातात. फाइलींची नावे भाग.००००००००.आरडब्ल्यूएफ, भाग.०००००००१.आरडब्ल्यूएफ अशी क्रमाने पडतात. फाइलचे नाव दिले नाही तर साधन प्रमाणित इनपुटवरून वाचते. त्यामुळे आरडब्ल्यूफिल्टरने निवडलेल्या नोंदी पाइपने थेट त्याच्याकडे पाठवता येतात. नमुना घेण्याचे पर्याय वापरले नाहीत, तर प्रत्येक नोंद कोणत्या तरी एका आणि एकाच फाइलमध्ये जाते.

फाइल कधी बंद करायची यासाठी चार मर्यादा उपलब्ध आहेत. त्यांपैकी एकच निवडावी लागते.

• फ्लो-लिमिट : नोंदींची संख्या ठरलेल्या आकड्याला पोहोचली की फाइल बंद.
• पॅकेट-लिमिट : नोंदींमधील पॅकेट संख्यांची बेरीज मर्यादेइतकी किंवा जास्त झाली की फाइल बंद.
• बाइट-लिमिट : नोंदींमधील बाइट संख्यांची बेरीज मर्यादेइतकी किंवा जास्त झाली की फाइल बंद.
• आयपी-लिमिट : स्रोत आणि गंतव्य मिळून वेगवेगळे पत्ते मर्यादेइतके किंवा जास्त झाले की फाइल बंद.

बाइट-लिमिटबाबत गैरसमज होण्याचा संभव आहे. ही मर्यादा डिस्कवरील फाइलच्या आकाराची नाही, नेटवर्कवरून गेलेल्या वाहतुकीची आहे. समजा मर्यादा १०० एमबी आहे आणि एका नोंदीत ७०० एमबीचे डाउनलोड आहे. नोंद कधीच तोडली जात नाही. ती लिहिली जाते आणि लगेच फाइल बंद होते. त्या फाइलमधील वाहतूक ७०० एमबीपेक्षा जास्त भरेल, पण त्या नोंदीने डिस्कवर काही डझन बाइटच जागा घेतलेली असेल. ईमेलला जोडता येईल एवढी लहान फाइल हवी असेल, तर फ्लो-लिमिट वापरा.

४. विभाजनानंतर कोणती बेरीज टिकते?

हा या पाठाचा गाभा आहे. विभाजन केल्यावर आपण प्रत्येक तुकड्यावर तोच प्रोग्राम चालवतो आणि शेवटी उत्तरे एकत्र करतो. ही पद्धत काही प्रश्नांसाठी अचूक आहे, काहींसाठी चुकीची.

नोंदींची संख्या, एकूण पॅकेटे आणि एकूण बाइट यांची बेरीज करता येते. प्रत्येक नोंद एकाच तुकड्यात असल्यामुळे तुकड्यांची बेरीज मूळ फाइलच्या उत्तराइतकीच येते.

वेगवेगळ्या पत्त्यांच्या संख्येची मात्र अशी बेरीज होत नाही. एका तुकड्यात ६० वेगळे स्रोत आहेत, दुसऱ्यातही ६०, आणि त्यांतील ४५ दोन्हींत समान आहेत. बेरीज १२० येते. खरे उत्तर ७५ आहे. संचांचा संयोग आणि संख्यांची बेरीज यांतील हा फरक तुम्ही शाळेत शिकला आहात. येथे तो संगणक कोणताही इशारा न देता आपल्यासमोर येतो. आज्ञा यशस्वी होते, आकडा छापला जातो आणि तो चुकीचा असतो.

५. एक उदाहरण : तुकड्यांत हरवलेले स्कॅन

नेटवर्क सुरक्षेत या चुकीची किंमत मोठी असते. समजा बाहेरचा एक संगणक तुमच्या महाविद्यालयाच्या /२४ जाळ्यातील २५४ पत्त्यांवर एकामागून एक पोर्ट २२ उघडे आहे का ते तपासतो. प्रत्येक प्रयत्नाची एक नोंद होते. सोयीसाठी या नोंदी सलग आहेत आणि मध्ये दुसरी वाहतूक नाही असे धरू. उत्तरादाखल गेलेली पॅकेटेही बाजूला ठेवू.

तुम्ही आयपी-लिमिट १०० ठेवून फाइल विभागली. स्कॅन ओळखण्यासाठी तुमचा नियम असा आहे : ज्या स्रोताने १०० पेक्षा जास्त वेगवेगळ्या पत्त्यांशी संपर्क केला, तो संशयित.

आता मोजू. पहिल्या नोंदीत दोन नवे पत्ते येतात, स्कॅन करणारा आणि पहिले लक्ष्य. त्यानंतरच्या प्रत्येक नोंदीत एकच नवा पत्ता येतो. ९९ नोंदी झाल्या की पत्ते १०० होतात आणि फाइल बंद होते. दुसऱ्या फाइलची मोजणी पुन्हा शून्यापासून सुरू होते; तिच्यातही ९९ नोंदी जातात. तिसऱ्या फाइलमध्ये उरलेल्या ५६. म्हणजे तीन तुकड्यांत लक्ष्यांची संख्या ९९, ९९ आणि ५६ आहे. नियम एकाही तुकड्यात लागू होत नाही. २५४ पत्त्यांचे स्कॅन तुमच्या अहवालात दिसतच नाही.

हा योगायोग नाही. आयपी-लिमिट १०० असताना शेवटची नोंद येण्यापूर्वी फाइलमध्ये जास्तीत जास्त ९९ पत्ते असतात. शेवटची नोंद जास्तीत जास्त दोन नवे पत्ते आणते, म्हणून एकूण १०१ होतात. त्यांतील एक पत्ता स्रोताचा स्वतःचा. म्हणजे कोणत्याही स्रोताची लक्ष्ये एका तुकड्यात १०० च्या वर जाऊच शकत नाहीत. वाहतूक कोणतीही असो, हा नियम कधीच लागू होणार नाही. विभाजनाच्या मर्यादेनेच नियमाचे उत्तर आधी ठरवून टाकले आहे.

६. मग करावे काय?

पहिला मार्ग : विभागलेल्या सर्व फाइली एकाच आज्ञेला द्या. आरडब्ल्यूयुनिक हे साधन अनेक फाइलींची नावे स्वीकारते. स्रोत पत्त्यानुसार गट करून वेगळ्या गंतव्य पत्त्यांची संख्या मागितली, तर ते सर्व नोंदी एकत्र धरून मोजते. तुकडे केवळ साठवणुकीसाठी किंवा पाठवण्यासाठी केले असतील, तर हा सर्वांत सोपा उपाय आहे.

दुसरा मार्ग : तुकड्यातून संख्या काढू नका, संच काढा. आरडब्ल्यूसेट प्रत्येक तुकड्यातील पत्त्यांचा संच फाइलमध्ये साठवते आणि आरडब्ल्यूसेटटूल त्या संचांचा संयोग करते. मोजणी संयोगानंतर करायची. आपल्या उदाहरणात स्रोत आणि गंतव्य यांच्या जोड्या हव्या आहेत. त्यासाठी प्रत्येक तुकड्यातून वेगळ्या जोड्यांची यादी काढा, याद्या एकत्र करा, दुबार जोड्या गाळा आणि मग मोजा.

तिसरा मार्ग : विभाजनच पत्त्यानुसार करा. आरडब्ल्यूफिल्टरला स्रोत पत्त्याची अट द्या, उदाहरणार्थ ०.०.०.०/१. अट पूर्ण करणाऱ्या नोंदी एका फाइलमध्ये आणि बाकीच्या दुसऱ्या फाइलमध्ये लिहिता येतात. अशा दोन फाइली समान आकाराच्या असतीलच असे नाही. पण कोणत्याही एका स्रोताच्या सर्व नोंदी एकाच फाइलमध्ये राहतात. म्हणून स्रोतानुसार विचारलेला प्रश्न प्रत्येक तुकड्यावर स्वतंत्रपणे, अगदी वेगवेगळ्या संगणकांवरही, अचूक सोडवता येतो. ज्या किल्लीनुसार प्रश्न आहे त्याच किल्लीनुसार तुकडे करावेत, हे तत्त्व तुम्हाला पुढे वितरित डेटाबेसमध्येही भेटेल.

७. नमुना घेण्यासाठी विभाजन

आरडब्ल्यूस्प्लिट नमुनेही काढून देते. सॅम्पल-रेशो १० ठेवले तर वाचलेल्या दर दहा नोंदींतून यादृच्छिकपणे एक लिहिली जाते. फाइल-रेशो १० ठेवले तर दर दहा फाइलींतून यादृच्छिकपणे एक फाइल डिस्कवर लिहिली जाते.

दोन्हींत मोठा फरक आहे. पहिल्यात नमुना दिवसभर पसरलेला असतो, पण शेजारच्या नोंदी सुटतात. एका जोडणीच्या जाण्या-येण्याच्या दोन नोंदी बरोबर मिळण्याची शक्यता फार कमी. दुसऱ्यात निवडलेल्या फाइलमधील नोंदींचा क्रम अखंड राहतो, पण मधले काळ पूर्ण गायब होतात. एकूण वाहतुकीचा अंदाज हवा असेल तर पहिला पर्याय घ्या. घटनाक्रम पाहायचा असेल तर दुसरा.

दहापट करून नोंदींच्या संख्येचा अंदाज चांगला येतो. बाइटांचा अंदाज मात्र डळमळीत असतो, कारण थोड्याशाच नोंदींत बरीचशी वाहतूक एकवटलेली असते आणि त्या नमुन्यात आल्या की नाही यावर उत्तर हलते. वेगळ्या पत्त्यांची संख्या दहापट करणे तर चुकीचेच. प्रयोगवहीत सीड पर्यायाचा आकडा अवश्य लिहा. तोच आकडा आणि तीच फाइल असेल तर दुसऱ्यालाही तोच नमुना मिळेल.

८. विभाजनानंतरची तपासणी

(अ) आरडब्ल्यूफाइलइन्फो प्रत्येक फाइलमधील नोंदींची संख्या सांगते. तुकड्यांची बेरीज मूळ संख्येशी जुळली पाहिजे.
(आ) नोंदी सुरुवातीच्या वेळेनुसार लागलेल्या आहेत असे गृहीत धरू नका. फ्लो संपल्यावर नोंद बाहेर पडते, म्हणून आधी सुरू झालेला लांब फ्लो फाइलमध्ये नंतर येतो. वेळेनुसार तुकडे हवे असतील तर आधी आरडब्ल्यूसॉर्ट वापरा.
(इ) शेवटचा तुकडा बहुधा अपुरा असतो. तुकड्यांची सरासरी काढताना तो वेगळा धरा.
(ई) तुमच्या नियमातील उंबरठा आणि विभाजनाची मर्यादा शेजारी लिहून पाहा. मर्यादेमुळे उंबरठा गाठणेच अशक्य होत असेल तर विभाजन बदला.

सारांश

फाइल तोडण्यापूर्वी स्वतःला एक प्रश्न विचारा : मला जे मोजायचे आहे ते तुकड्यांतून पुन्हा जोडता येते का? येत असेल तर हवे तिथे तोडा. येत नसेल तर प्रश्नाच्या किल्लीनुसार तोडा, किंवा मोजणीपूर्वी तुकडे एकत्र करा.

स्वाध्याय

१. वरील उदाहरणात आयपी-लिमिट १५० ठेवली तर प्रत्येक फाइलमध्ये स्कॅनच्या किती नोंदी जातील? १०० चा नियम कोणत्या फाइलींत लागू होईल?
२. एका स्रोताची नोंद सर्वप्रथम कधी दिसली, हे तुकड्यांच्या उत्तरांतून अचूक काढता येईल का? सरासरी बाइट प्रति नोंद काढता येईल का? त्यासाठी प्रत्येक तुकड्यातून काय काय जपून ठेवावे लागेल?
३. जोडणीच्या दोन्ही दिशांच्या नोंदी एकाच फाइलमध्ये राहाव्यात यासाठी विभाजनाची किल्ली कशी निवडाल? फक्त स्रोत पत्ता का पुरत नाही, ते स्पष्ट करा.