कळेल असे लिहा, हा आमचा हक्क आहे

शासनाची योजना आमच्या वस्तीपर्यंत का पोहोचत नाही? निधी वळवला जातो, अधिकाऱ्यांची मानसिकता जातीयवादी असते, दलाल मध्ये येतात, ही कारणे आपण वर्षानुवर्षे सांगतो आणि ती खरीही आहेत. परंतु आणखी एका कारणाकडे चळवळीचे दुर्लक्ष झाले आहे. ते कारण म्हणजे सरकारी कागदाची भाषा.

"सक्षम प्राधिकाऱ्याने निर्गमित केलेले प्रमाणपत्र विहित मुदतीत सादर न केल्यास प्रकरण नस्तीबद्ध करण्यात येईल." अशा धर्तीची वाक्ये सरकारी कागदावर सर्रास असतात. कळंब, भूम, वाशीकडून ऊसतोडीला जाणाऱ्या आमच्या बांधवाने यातून काय समजावे? "प्रांत साहेबांचा जातीचा दाखला अमुक तारखेपर्यंत आणा. नाही आणला तर अर्ज बंद होईल." एवढे लिहिले असते तर त्याचा हेलपाटा आणि एका दिवसाची मजुरी वाचली असती.

17 सप्टेंबर 1948 पर्यंत हा जिल्हा निजामी राजवटीत होता. दरबारी कामकाज उर्दूत चाले. 1964 च्या राजभाषा अधिनियमाने मराठी आली, पण ती सोपी झाली नाही. कागद कळत नाही म्हणून शेतकरी कसा नाडला जातो, हे महात्मा फुल्यांनी 'शेतकऱ्याचा असूड'मध्ये दाखवून दिले आहे. तेव्हा कुळकर्णी होता, आज दलाल आहे. कठीण भाषा हीच त्याची रोजीरोटी आहे.

कायदा आमच्या बाजूने आहे. माहिती अधिकार अधिनियम 2005 चे कलम 4 सांगते की, माहिती देताना स्थानिक भाषा आणि त्या भागातील परिणामकारक साधन विचारात घ्यावे. 2015 च्या लोकसेवा हक्क अधिनियमानुसार सेवा, मुदत, जबाबदार अधिकारी आणि अपील कोणाकडे करायचे, हे कार्यालयाच्या फलकावर लावणे बंधनकारक आहे. परंतु फलक असून भागत नाही, तो वाचणाऱ्याच्या गरजेप्रमाणे मांडलेला हवा. माणूस टेबल क्रमांक शोधत येत नाही. त्याला रमाई आवासमधून घर हवे असते, सबळीकरण योजनेतून जमीन हवी असते, मुलासाठी दाखला हवा असतो. फलकाची सुरुवात तिथूनच झाली पाहिजे.

हे शिकवता येते. ग्रामसेवक आणि तलाठ्यांच्या प्रशिक्षणात हा विषय सक्तीचा करावा, अशी आमची मागणी आहे. तोपर्यंत आमच्या शिकलेल्या तरुणांनी रविवारी बुद्धविहारात एकेक अर्ज घेऊन बसावे. हे कोणासाठी आहे, काय मिळेल, कोणते कागद लागतील, कुठे आणि कधीपर्यंत द्यायचे, नाकारले तर पुढे काय, ही पाच उत्तरे साध्या मराठीत लिहावीत. मग तो कागद मजुरी करणाऱ्या माउलीला वाचून दाखवावा आणि तिला काय समजले ते विचारावे. ती अडली तर दोष तिचा नाही, लिहिणाऱ्याचा आहे. पुन्हा लिहावे.

बाबासाहेब कोलंबिया विद्यापीठात शिकले, पण 31 जानेवारी 1920 रोजी त्यांनी 'मूकनायक' काढला तो मराठीत. 22 व 23 फेब्रुवारी 1941 रोजी ते याच जिल्ह्यातील कसबे तडवळे येथे महार-मांग वतनदार परिषदेला आले होते. ज्या मातीत ते येऊन बोलले, तिथल्या माणसाला स्वतःच्या हक्काचा कागद दुसऱ्याकडून वाचून घ्यावा लागू नये. शिकलेल्या प्रत्येकाने आपापल्या गावात हे काम आजच हाती घ्यावे.