मुलगी जेवेनाशी होते तेव्हां

घरांतील एखादी मुलगी दोन घांस कमी जेवूं लागली, म्हणजे पुष्कळदां तिचें कौतुकच होतें. "आतां कशी नीटस दिसते!" असें कोणी म्हणतें, आणि तिचें ताट तसेंच परत गेलें याकडे कोणाचें लक्षही जात नाहीं. परंतु या कमी जेवण्यामागें कधीं कधीं एक जीवघेणा मानसिक विकार दडलेला असतो. सर विल्यम गल या इंग्रज डॉक्टरानें १८७४ सालीं त्यास 'अॅनोरेक्झिया नर्व्होसा' हें नांव दिलें. रोग असा जुनाच आहे. २०२० सालच्या टाळेबंदीनें मात्र त्यास नवें बळ दिलें.

अमेरिकेंतील मिशिगन विद्यापीठाच्या रुग्णालयाचा अनुभव पाहण्यासारखा आहे. एप्रिल २०२० पासूनच्या बारा महिन्यांत तेथें अशा विकारांमुळें १२५ वेळां तरुण रुग्णांस दाखल करावें लागलें. आधींच्या तीन वर्षांची वार्षिक सरासरी अवघी ५६ होती.

असें कां व्हावें? शाळा बंद, खेळ बंद, मैत्रिणींच्या भेटीही बंद. दिवसाचा क्रम मोडला कीं, मन आपल्या ताब्यांतील एखाद्या गोष्टीस घट्ट धरून बसतें. कित्येक मुलींच्या बाबतींत ती गोष्ट म्हणजे स्वतःचें जेवण. त्यांत हातीं मोबाईल. सडपातळ देहाचें एक चित्र न्याहाळलें कीं तशींच अनेक पुढें येतात. कारण जें पाहिलें जातें तेंच अधिक दाखवावें, अशी समाजमाध्यमांची रचनाच आहे. इन्स्टाग्रामच्या मालकांनीं केलेल्या अंतर्गत पाहणीचे कागद २०२१ सालीं उजेडांत आले. स्वतःच्या देहाविषयीं वाईट वाटत असतां इन्स्टाग्राममुळें तें अधिकच वाईट वाटतें, असें त्यांत ३२ टक्के किशोरवयीन मुलींनीं सांगितलें होतें. तथापि सारा दोष मोबाईलच्या माथीं मारणें न्याय्य नव्हे. आनुवंशिकता, चिंतातुर वृत्ति, अतिरेकी नेटकेपणा हींही कारणें असतात.

मुलगी सर्वांबरोबर जेवण्याचें टाळते, "मघांच खाल्लें" म्हणते, उपवासांचे दिवस वाढविते, जेवतांच न्हाणीघराकडे धांवते, सदा थंडीनें कुडकुडते, तिची मासिक पाळी थांबते, ह्या खुणा दिसतांच डॉक्टरांस दाखवावें. उपासमारीनें हृदयाचे ठोके मंदावतात. तेव्हां थांबून पाहण्यास वेळ नसतो. मुलांनाही हा विकार होतो, हेंही विसरूं नये.

उपचारांत आईबापांचा वांटा मोठा आहे. लंडन येथील मॉडस्ले रुग्णालयांतील प्रयोगाचा वृत्तांत १९८७ सालीं प्रसिद्ध झाला. ज्यांचा आजार लहान वयांत सुरू झाला होता व फार जुना झाला नव्हता, अशा रुग्णांस कुटुंबासह केलेला उपचार अधिक गुणकारी ठरला. पुढें रूढ झालेल्या या पद्धतींत, काय व किती वाढावयाचें हें आरंभीं आईबाप ठरवितात, ताट संपेपर्यंत शेजारीं बसतात, आणि रोगाचा दोष मुलीस देत नाहींत.

टाळेबंदींत सारें कुटुंब घरांत होतें, तरी कित्येक घरीं प्रत्येकाचें जेवण निराळ्या खोलींत, मोबाईलसमोर झालें. तेवढी संवय तरी आतां मोडावी. वडिलांनीं आपला मोबाईल प्रथम दूर ठेवावा, आणि कोणाच्याही अंगलटीची चर्चा पानावर बसून करूं नये.