पाण्याच्या उलट वाटेनं

वरूड तालुक्यातलं शेंदूरजनाघाट हे संत्र्याच्या कलमांचं गाव. हिवाळ्यात जंबेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधायचा आणि पावसाळा लागला की तयार कलम विकायचं, असा इथल्या रोपवाटिकांचा वर्षाचा फेरा. जुलै-ऑगस्टात बाहेरगावचे शेतकरी गाड्या घेऊन येतात, तेव्हा कलमांच्या मळ्यात राबणाऱ्याला रविवारही आपला नसतो. माझ्या मित्राला श्रावणातला एक रविवार मोकळा मिळाला, तो झडीमुळे. पाऊस धरून होता, वाफ्यांत पाय घोट्यापर्यंत रुतत होते, गाडी बांधापर्यंत येत नव्हती. "आज काई कलमं निघत नाई," तो म्हणाला, "चाल, पहाडावर जाऊ."

पहाड म्हणजे सातपुडा. गावाच्या उत्तरेला शेतं संपली की चढ लागतो आणि वर मध्य प्रदेश सुरू होतो. खालचं मैदान समुद्रसपाटीपासून साधारण साडेचारशे मीटरवर, वरचं मुलताईचं पठार साडेसातशेच्या आसपास. म्हणजे उंचीचा काही मोठा पराक्रम नाही. उन्हाळ्यात हा डोंगर नुसता तापतो. पावसाळ्यात मात्र तो कामाला लागलेला असतो आणि ते काम बघायचं तर पाणी ज्या वाटेनं खाली येतं, त्याच वाटेनं उलटं वर जावं लागतं.

मित्रानं डोक्यावर पोत्याची खोळ घेतली होती आणि पायात प्लॅस्टिकचे बूट. माझ्या अंगावर शहरातला रेनकोट. पहिल्या अर्ध्या तासातच फरक कळला. माझ्या अंगाला बाहेरून कमी आणि आतून घामानंच जास्त ओल झाली. त्याच्या खोळीतून वारा खेळत होता.

सुरुवातीची वाट संत्र्याच्या बागांमधून जाते. आंबिया बहराची फळं लिंबाएवढी होऊन हिरवीगार लटकली होती, त्यातली काही झाडाखाली गळून पडली होती. एका बागेच्या खालच्या कोपऱ्यात झाडांच्या बुंध्याशी पाणी साचलेलं बघून मित्र थांबला. "हे आजच्या आज काढलं नाई तं डिंक्या लागते," तो म्हणाला. डिंक्या म्हणजे जमिनीतल्या बुरशीनं होणारा रोग. मुळं सडतात, बुंध्याची साल फाटून डिंक ओघळतो आणि झाड हळूहळू बसतं. ही बुरशी पाण्यातून हलते, चिखलाच्या शिंतोड्यांबरोबर खोडावर चढते. म्हणून जाणता कलम बांधणारा डोळा जमिनीपासून चांगला वीतभर वर बांधतो. वरच्या संत्र्याच्या सालीला चिखल लागू नये, हा हेतू. शेतकऱ्यानंही लावताना तो सांधा मातीत गाडायचा नसतो. संत्र्याला पाणी लागतं भरपूर, पण पायाशी उभं राहिलेलं पाणी त्याला चालत नाही. दिवसभर मित्राच्या बोलण्याचा रोख हाच राहिला: पाणी थांबलं कुठं, वाहिलं कुठं, मुरलं कुठं.

बागा संपल्या आणि साग सुरू झाला. सागाला पावसाळ्यात फुलोरा येतो. बारीक पांढऱ्या फुलांचे मोठे झुपके झाडाच्या शेंड्यावर असतात आणि वाटेवर त्यांचा सडा पडतो. मित्रानं एक कोवळं पान तोडून माझ्या तळहातावर चुरगळलं. हात लालभडक झाला आणि त्या पावसातही तो रंग धुतला गेला नाही. सागाची मोठी पानं पावसात आधी भरतात, मग वाकून सगळं पाणी एकदम सोडतात. त्यामुळे सागाच्या खाली पडणारा थेंब आभाळातून पडणाऱ्या थेंबापेक्षा जड असतो. खाली गवत असेल तर ठीक. नुसती उघडी माती असेल, तर हाच थेंब ती उकरतो. सागाच्या बनात कित्येक ठिकाणी लहान खडे मातीच्या छोट्या खुंट्यांवर उभे दिसले. खड्याखालची माती शाबूत होती, आजूबाजूची थेंबांनी नेली होती. एका पावसाळ्यात डोंगराची किती कातडी जाते, ते मोजायचं झालं तर या खुंट्यांची उंची बघावी.

त्याच उतारावर चर लागले. उताराला आडवे, एकमेकांना समांतर, दोनेक फूट रुंद आणि फूट-दीड फूट खोल. इंजिनीअर याला सलग समतल चर म्हणतात. माणसांच्या तोंडी आता सीसीटीच रुळलं आहे. २०१६ साली पानी फाउंडेशनची गावोगावच्या जलसंधारणाची पहिली वॉटर कप स्पर्धा झाली, ती तीनच तालुक्यांत: साताऱ्यातलं कोरेगाव, बीडमधलं अंबाजोगाई आणि आपलं वरूड. त्या उन्हाळ्यात मित्रानंही एका गावाच्या शिवारात श्रमदान केलं होतं, त्यामुळे चर बघताना तो जाणकारासारखा वाकून बघत होता. चराचं सगळं मर्म त्याच्या पातळीत असतं. तो एका बाजूला जरा जरी उतरता झाला, तर पाणी मुरण्याऐवजी चरातूनच धावत सुटतं आणि टोकाशी नवी घळ पाडतं. म्हणून खोदण्याआधी समान उंचीची रेघ आखावी लागते. त्यासाठी इंग्रजी ए अक्षरासारखी लाकडी चौकट आणि मधोमध लोंबता दगड, किंवा पाणी भरलेली पारदर्शक नळी, एवढं साहित्य पुरतं.

आम्ही एका चराशी बराच वेळ उभे राहिलो. जोराची सर आली तेव्हा वरच्या उतारावरून गढूळ पाण्याचे बोटाएवढे ओघळ येऊन त्यात उतरू लागले. काठाशी आल्यावर त्यांचा वेग मोडत होता, मातीचा लगदा तळाशी बसत होता, वरचं पाणी हळूहळू निवळत होतं. सर ओसरल्यावर पाण्याची पातळी चराच्या भिंतीवर ओली रेघ ठेवून खाली जाऊ लागली. मित्रानं त्या रेघेवर काडी टोचून ठेवली. आमची भाकर आणि झुणका खाऊन होईतो पाणी काडीच्या चार बोटं खाली गेलं होतं. त्याच उतारावर थोडं पुढचा चर मात्र गाळानं काठोकाठ भरला होता. त्याच्यावरून पाणी सरळ, न थांबता पलीकडे जात होतं. खोदून झाल्यावर त्याच्याकडे कुणी परत फिरकलं नव्हतं.

तिथून वर धुकं. खालून जो ढग डोंगराला टेकलेला दिसत होता, त्याच्याच आत आम्ही शिरलो होतो. मैदानावरची ओली हवा उताराला लागून वर चढते, वर जाताना थंड होते आणि तिच्यातल्या वाफेचे बारीक थेंब होतात. म्हणूनच मैदानातल्या पावसात आणि डोंगरावरच्या पावसात एवढी तफावत: अमरावतीकडच्या सपाटीवर वर्षाला आठशे-नऊशे मिलिमीटर, आणि याच रांगेत पश्चिमेला १,११८ मीटर उंचीवरच्या चिखलदऱ्याला दीड हजाराच्या पुढे. धुक्यात चालायचे काही साधे नियम आहेत. दोघांत आवाजाच्या अंतरापेक्षा जास्त फट पडू द्यायची नाही. गुरांची वाट सोडायची नाही, कारण गुरं नेहमी पाय टिकेल तिथूनच जातात. आणि मधूनमधून बोलत राहायचं, कारण सातपुड्यात अस्वल आहे, आणि ते अचानक समोर आलेल्या माणसावरच जास्त चिडतं. मित्रानं हा शेवटचा नियम बाकीच्या दोन्हींपेक्षा मनावर घेतला आणि चढभर कलमांच्या उधारीच्या हकिगती मोठ्यानं सांगितल्या.

नाल्यानं कापलेल्या एका काठावर डोंगराची आतली घडण उघडी पडली होती. खाली काळा पाषाण, एकसंध आणि कोरडा. त्याच्यावर छिद्राछिद्रांचा, पांढरे दाणे भरलेला मऊसर थर. विहिरी खोदणारे याला मांजऱ्या म्हणतात. त्याच्यावर मुरूम आणि शेवटी हातभर माती. पाणी झिरपत होतं ते नेमकं मांजऱ्या आणि पाषाणाच्या सांध्यातून, एका आडव्या ओळीत, थेंबाथेंबानं. लाव्हारसाचे थर एकावर एक साचून दख्खनचा हा खडक झाला, तेव्हाच पाण्याच्या वाटा ठरून गेल्या. मातीत मुरलेलं पाणी मऊ थरातून उतरतं, कठीण थराला अडतं आणि मग आडवं सरकत झऱ्याला नाहीतर विहिरीला जाऊन मिळतं. ओळीला बोट लावून बघितलं. अंगावर पडणारा पाऊस गार होता, हे पाणी त्याच्यापेक्षा कोमट. आजचं नव्हतं ते. आधीच्या पावसाचं असणार.

गडगडाट सुरू झाला तसं आम्ही उघड्या टेपावरून हटलो. पुण्याच्या हवामानशास्त्र संस्थेनं केलेलं 'दामिनी' ॲप मित्राच्या फोनमध्ये होतं, पण वर रेंज नव्हती. कान आणि घड्याळ एवढंच हाताशी. चमक आणि आवाज यांत तीन सेकंद म्हणजे वीज साधारण किलोमीटरभर दूर. एकट्या उंच झाडाखाली जायचं नाही, उघड्यावर सापडलो तर पाय जुळवून उकिडवं बसायचं. आम्ही खालच्या अंगाला बुटक्या झुडपांत थांबलो. डोंगरात आसरा शोधणारे आम्ही काही पहिले नव्हतो: याच सातपुड्यात सालबर्डीच्या पलीकडे, बैतूल जिल्ह्यातल्या धारूळजवळ, २००७ च्या जानेवारीत अमरावतीच्या निसर्गप्रेमी भटक्यांना चित्रं काढलेल्या गुहा सापडल्या. विजय इंगोले आणि त्यांचे सोबती सुट्टीच्या दिवशी डोंगर धुंडाळत होते, आणि हजारो वर्षांपूर्वी त्याच कपारींत आसरा घेणाऱ्या माणसांनी रंगवलेली जनावरं त्यांच्यासमोर आली. अंबादेवीच्या गुहा म्हणून त्या आता अभ्यासकांना ठाऊक आहेत.

माथ्यावर पोचलो तेव्हा दहा पावलांपलीकडे काही दिसत नव्हतं. पण आपण कुठं उभे आहोत, हे माहीत असलं की न दिसणाऱ्या गोष्टींनाही अर्थ येतो. या पठारावर मुलताईजवळ तापी उगम पावते आणि मेळघाट, खानदेश करत सुरतेकडे अरबी समुद्राला जाते. त्याच मुलताई तालुक्यात वर्धाही उगवते. ती दक्षिणेला उतरून सिंभोऱ्याच्या अप्पर वर्धा धरणात येते, पुढे प्राणहिता आणि गोदावरीतून बंगालच्या उपसागराला. एकाच ढगाचा पाऊस दोन समुद्रांत वाटला जातो, आणि आमच्या बाजूच्या उतारावरचा हिस्सा वर्धेचा. मधल्या पट्ट्यात त्यातलं किती अडतं, यावर वरूड-मोर्शीच्या संत्र्याचं नशीब ठरतं.

उतरताना सकाळी दगडांवरून ओलांडलेला नाला फुगला होता. मित्रानं जाताना एका खडकाची टोकदार शेंडी खूण म्हणून बघून ठेवली होती. आता ती बुडालेली. तो खाली बसला, विडी पेटवायचा निष्फळ प्रयत्न केला आणि म्हणाला, "थांब न लेका. पहाडाचं पाणी आलं तसं जाते." आणि गेलंच. तास-दीड तासात शेंडी पाण्यावर आली, आणखी थोड्या वेळानं पलीकडे जाता आलं. इथे माणसं वाहून जातात ती बहुतेक हा तासभर न थांबल्यामुळे.

पण त्या तासात जे लाल पाणी आमच्यासमोरून गेलं, त्याचाच हिशेब गावाला भोवतो. वरूड तालुका भूजलाच्या सरकारी मूल्यांकनात अतिशोषित ठरलेला आहे. विहिरी आटल्या म्हणून बोअर आले, बोअर आटले म्हणून आणखी खोल गेले. कित्येक बागांत आठशे फुटांच्या पुढे. म्हणजे चार बोटं पाणी मुरायला एका जेवणाएवढा वेळ देणारा चर वर फुकट मिळतो, आणि खाली तेच पाणी काळ्या पाषाणाच्या पोटातून कर्ज काढून उपसावं लागतं. चर एकदा खोदून भागत नाही. दर उन्हाळ्यात गाळ काढावा लागतो, नाहीतर दोन-चार पावसाळ्यांत तो नुसता उतार होऊन जातो. वनखात्याच्या जमिनीवर ते काम खात्याचं, गावाच्या शिवारात गावाचं, आणि दोन्हीकडे त्याला उद्घाटन नसतं, म्हणून ते मागे पडतं.

मी फोनमध्ये काढलेले चराचे फोटो मित्राला दाखवले. त्यानं बघितले, फोन परत दिला. "फोटोनं काई होत नाई," तो म्हणाला. "मे महिन्यात ये, फावडं मी देतो."